केर्माच्या टेकाडातला इजिप्तचा सुभेदार

बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात सेनुवी नावाच्या एका बाईची मूर्ती आहे. ग्रॅनोडायोराइटची, जवळपास माणसाच्या उंचीची, बसलेली. चेहरा शांत आणि कोरीवकाम इतकं नितळ की मध्य राज्यकालातल्या इजिप्तच्या शिल्पकलेबद्दल बोलताना तिचं नाव निघतंच. तिचा नवरा जेफाईहापी हा पहिल्या सेनुस्रेतच्या काळात, म्हणजे इ.स.पू. विसाव्या शतकात, मध्य इजिप्तमधल्या असिऊत प्रांताचा प्रमुख होता.

मूर्ती मात्र असिऊतला सापडली नाही. ती सापडली सुदानमध्ये, नाईलच्या तिसऱ्या प्रपाताच्या वरच्या अंगाला, केर्मा इथल्या एका प्रचंड थडग्यात. (प्रपात म्हटलं की धबधबा डोळ्यांसमोर येतो. इथे नदी खडकांमधून फुटत, खळाळत जाते एवढंच, पण होड्या अडवायला तेवढं पुरतं.) असिऊतपासून केर्मापर्यंतचं अंतर नदीवाटेने हजार किलोमीटरांहून जास्त. त्याच थडग्यात जेफाईहापीच्या स्वतःच्या मूर्तीचे अवशेषही मिळाले, नावासकट.

असिऊतच्या नवराबायकोच्या मूर्ती एवढ्या लांब काय करत होत्या? 1923 साली या प्रश्नाला जे उत्तर छापून आलं त्यानं नुबियाचा, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नाईलकाठच्या मुलखाचा, इतिहास बरीच वर्षं उलटा वाचायला लावला. त्या उत्तराचं पुढे काय झालं त्याचं हे प्रकरण.

उत्तर देणारा माणूस ऐरागैरा नव्हता. जॉर्ज रायझनर, जन्म 1867, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा. हार्वर्ड विद्यापीठ आणि बॉस्टन संग्रहालयाच्या संयुक्त मोहिमेचा प्रमुख. अस्वानच्या जुन्या धरणाची उंची वाढवायचं ठरलं तेव्हा पाण्याखाली जाणाऱ्या नुबियाची पाहणी 1907 पासून त्याच्याच हाताखाली सुरू झाली. नुबियाच्या प्राचीन लोकसमूहांना त्यानं दिलेली ‘अ गट’, ‘क गट’ ही कामचलाऊ नावं आजही वापरात आहेत. इतर बरेच लोक खजिना शोधल्यासारखं खणत असताना हा प्रत्येक थडग्याला क्रमांक देत होता, प्रत्येक थराचा फोटो काढत होता, रोजनिशी लिहीत होता. गुप्तहेर कथांचा त्याला भारी नाद. मरताना असल्या पुस्तकांचा मोठा संग्रह त्यानं हार्वर्डला दिला. पुरावा कसा जपायचा हे या माणसाला कोणी शिकवायला नको होतं, आणि म्हणूनच त्याची ही चूक अभ्यासण्यासारखी आहे.

1913 ते 1916 या हंगामांत तो केर्माला होता. तिथे दोन गोष्टी ठळक दिसतात. एक, पश्चिम देफूफा. ‘देफूफा’ हे तिथल्या कच्च्या विटांच्या दोन अवाढव्य बांधकामांचं स्थानिक नाव. पश्चिमेकडची इमारत साडेतीन हजार वर्षांनंतरही सुमारे 18 मीटर उंच उभी आहे. पूर्वेला काही किलोमीटरवर दुसरी देफूफा, आणि तिच्याभोवती हजारो थडग्यांची दफनभूमी. दफनभूमीच्या दक्षिण टोकाला काही अतिविशाल गोल टेकाडं आहेत. रायझनरनं त्यांना ‘के 3’, ‘के 4’, ‘के 10’ असे क्रमांक दिले. त्यांचा व्यास 80 ते 90 मीटर.

या टेकाडांच्या आत काय होतं ते जरा जवळून पाहायला हवं. प्रत्येकाच्या मधोमध पूर्व-पश्चिम जाणारी लांब बोळ, आणि तिच्या बाजूला मुख्य दफनाची खोली. मुख्य माणूस लाकडी पलंगावर उजव्या कुशीवर, पाय मुडपून ठेवलेला. पलंगाचे पाय बैलाच्या पायांसारखे कोरलेले, पायथ्याच्या फळीवर हस्तिदंतात कापलेले प्राणी बसवलेले. इजिप्तमध्ये असं कोणी पुरत नसे. तिथे शवपेटी असते, ममी असते. इथे पलंग, चामडं, सँडल, मेंढे आणि मातीची भांडी. आणि ती भांडी! तोंड फाकलेले उंच पेले, खाली लाल, वर काळे, दोन्ही रंगांच्या मधे राखाडी-पांढरा पट्टा, आणि काठ अंड्याच्या कवचाइतके पातळ. चाकाशिवाय, नुसत्या हातानं घडवलेले. त्या काळात नाईलच्या खोऱ्यात याहून सुबक मातीकाम झालं असेल असं मला वाटत नाही.

आणि बोळीत माणसं. ‘के 10’मध्ये रायझनरनं तीनशेहून अधिक सांगाडे मोजले. राजाबरोबर एकाच वेळी पुरलेले स्त्रिया, पुरुष, मुलं. काहींचे हात चेहऱ्यावर, काही एकमेकांना बिलगलेले. यातले बरेच जण जिवंत पुरले गेले असं त्याचं मत झालं. या प्रथेसाठी त्यानं आपल्याकडून शब्द उचलला आणि ग्रंथात सरळ ‘सती-दफन’ असं लिहिलं.

आता पुरावा समोर ठेवू. थडगं पूर्णपणे नुबियन रीतीचं, आत नुबियन माणसं, नुबियन भांडी, आणि शिवाय इजिप्तच्या एका प्रांतप्रमुखाच्या आणि त्याच्या बायकोच्या मूर्ती. रायझनर म्हणाला, हे थडगं जेफाईहापीचंच. फारोनं त्याला दक्षिणेचा सुभेदार म्हणून पाठवलं, तो तिथेच मेला, आणि तिथल्या रिवाजानं, शेकडो नोकरचाकरांसह पुरला गेला. पश्चिम देफूफा ही इजिप्तची तटबंद व्यापारी वखार. केर्मा ही वसाहत.

त्याच्या बाजूनं बोलायचं तर हे हवेतून काढलेलं नव्हतं. देफूफाच्या परिसरात अलाबास्टरच्या भांड्यांचे तुकडे मिळाले होते आणि त्यांवर पहिला पेपी, मेरेनरे, दुसरा पेपी, पहिला अमेनेमहात अशी फारोंची नावं होती. तिसऱ्या अमेनेमहातच्या 33व्या वर्षाचा एक शिलालेखही केर्मालाच सापडला, त्यात विटांच्या बांधकामाचा उल्लेख. इजिप्तची एवढी नावं एका जागी दिसल्यावर तिथे इजिप्तची सत्ता होती असं वाटणं स्वाभाविक होतं.

पण घोडं एका जागी पेंड खात होतं. जेफाईहापीचं थडगं आधीच सगळ्यांना माहीत होतं. असिऊतच्या डोंगरात खोदलेलं, त्या काळातल्या बिगर-राजघराण्याच्या थडग्यांमधलं अगदी मोठ्यांपैकी एक. त्याच्या भिंतीवर दहा करारनामे कोरलेले आहेत. आपल्या मूर्तींसमोर कोणत्या सणाला, कोणत्या पुजाऱ्यानं, किती भाकऱ्या आणि किती बिअर ठेवायची, त्या बदल्यात त्याला काय मिळणार, सगळं कलमवार. मरणोत्तर सोयीची इतकी तजवीज करणारा गृहस्थ परदेशात, ममीशिवाय, पलंगावर मुडपून पुरला जायला कसा तयार झाला? त्याच सेनुस्रेतच्या काळात घडणारी सिनुहेची गोष्ट इजिप्तमध्ये शतकानुशतकं वाचली जात होती. तिच्यात राजा परागंदा सिनुहेला लिहितो की परत ये, परक्या देशात मरू नकोस, तिथले लोक तुला मेंढ्याच्या कातड्यात गुंडाळून पुरतील. इजिप्शियन माणसाची ही सगळ्यात मोठी धास्ती. रायझनरच्या म्हणण्याप्रमाणे मात्र फारोचा सुभेदार ती हौसेनं पत्करत होता.

अडचण त्यालाही दिसत होतीच. तरी निष्कर्ष टिकला, कारण त्याच्या खाली एक गृहीतक होतं आणि ते तपासायची गरज त्याला कधी वाटली नाही. काळ्या आफ्रिकेत स्वतःच्या बळावर एवढं राज्य, एवढी बांधकामं, एवढा दरारा उभा राहू शकतो हे त्याला मान्यच नव्हतं. नुबियात काही भव्य दिसलं की ते उत्तरेकडून आलेलं असणार, आणि ऱ्हास दिसला की तो स्थानिक मिश्रणामुळे. हा एकट्या केर्मापुरता प्रकार नाही. पुढे त्यानं नुरी आणि एल-कुर्रू इथले पिरॅमिड खणले. इजिप्तवर राज्य केलेल्या पंचविसाव्या घराण्याचे कुशी, म्हणजे नुबियन, राजे तिथे पुरलेले आहेत. त्यांचं मूळही त्यानं लिबियात नेऊन ठेवलं. त्या काळातल्या विद्वानांमध्ये हे विचार सर्रास होते हे खरं. पण त्यामुळे एका कच्च्या दुव्याला पक्क्या दोरखंडाचं मोल आलं, हेही तितकंच खरं.

या एका निष्कर्षानं कालक्रमाचं काय केलं ते तर विलक्षण आहे. जेफाईहापी इ.स.पू. विसाव्या शतकातला, म्हणून त्या मूर्ती जिथे सापडल्या ते ‘के 3’ टेकाड त्याच काळातलं. म्हणजे दक्षिणेकडची विशाल टेकाडं सर्वांत जुनी ठरली. मग उत्तरेकडे पसरलेली लहान लहान थडगी आपोआप नंतरची, उतरत्या काळातली झाली. सुरुवातीला इजिप्शियन वैभव आणि मग हळूहळू घसरण, असं चित्र तयार झालं. प्रत्यक्षात दफनभूमी उत्तरेला इ.स.पू. 2500च्या आसपास सुरू झाली आणि शतकागणिक दक्षिणेकडे वाढत गेली. मोठी टेकाडं सगळ्यात शेवटची, राज्याच्या ऐन भरभराटीची. एका मूर्तीच्या भरवशावर हजार वर्षांची वाढ ऱ्हास म्हणून वाचली गेली.

मेख अशी की मूर्ती हलवता येते. भीमाशंकरच्या देवळातली घंटा पोर्तुगीज आहे, वसईच्या मोहिमेनंतर तिथे आलेली. तिच्यावरून भीमेच्या उगमाशी पोर्तुगीजांचं ठाणं होतं असं कोणी म्हणत नाही. वस्तू जिच्या नावाची, जागा त्याच माणसाची, हा नियम लुटीला लागू पडत नाही.

पहिला आक्षेप लवकरच आला. हेरमान युंकर या इजिप्तविद्या-पंडितानं म्हटलं की ही थडगी नुबियन राजांचीच आहेत. 1941 मध्ये स्वीडनच्या सावे-सोडरबर्ग यांनी इजिप्त-नुबिया संबंधांची सविस्तर मांडणी केली, आणि 1964 मध्ये फ्रिट्झ हिन्ट्झे यांनी केर्माचा प्रश्नच नव्यानं उभा केला. त्यांचा मुद्दा साधा होता. मूर्ती बनल्या इ.स.पू. विसाव्या शतकात, पण टेकाडात गेल्या दोनतीनशे वर्षांनी, इजिप्त दुबळा पडल्यावर.

या बाजूचे पुरावे इजिप्तच्याच लिखाणात पडून होते. तिसऱ्या सेनुस्रेतनं दुसऱ्या प्रपाताच्या पट्ट्यात सेम्नाला सरहद्द आखली. तिथला शिलालेख सांगतो की व्यापारासाठी किंवा निरोप घेऊन येणारा सोडून कोणत्याही नुबियन माणसानं, होडीनं असो की गुरं घेऊन, इथून उत्तरेला जायचं नाही. त्याच पट्ट्यात बुहेन, मिर्गिस्सा, सेम्ना असे जाडजूड तटांचे, खंदकांचे किल्ले एकामागोमाग उभे राहिले. केर्मा जर इजिप्तच्याच सुभेदाराच्या ताब्यात असतं, तर त्याच्या उत्तरेला एवढा खर्च कोणाला अडवण्यासाठी? भटक्या गुराख्यांसाठी असले तट कोणी बांधत नाही.

पुढच्या काळात तर ते किल्लेही हातचे गेले. बुहेनला राहणारा सेपेदहेर नावाचा इजिप्शियन अधिकारी लिहून ठेवतो की आपण होरसचं देऊळ बांधलं आणि कुशचा, म्हणजे केर्माचा, राजा त्यावर खूश झाला. ‘का’ नावाचा दुसरा सांगतो की कुशच्या राजाच्या पदरी असताना आपण कुशच्या पाण्यात पाय धुतले. इजिप्शियन माणसं, इजिप्शियन लिपी, धनी मात्र केर्माचा. उत्तरेला तेव्हा आशियाई वंशाचे हिक्सॉस राजे नाईलच्या मुखाकडच्या अवारिसमध्ये बसले होते, आणि थीब्जचा इजिप्शियन राजा कामोसे कुरकुरतो की अवारिसमध्ये एक राजा, कुशमध्ये एक, आणि मी दोघांच्या मधे. 1954 मध्ये कर्नाकला त्याचा दुसरा शिलालेख मिळाला. हिक्सॉस राजा अपोफिसनं कुशच्या राजाला लिहिलेलं पत्र मरूद्यानांच्या वाटेवर कसं पकडलं, ते त्यात आहे. उत्तरेला ये, आपण इजिप्त वाटून घेऊ, असा त्या पत्राचा मजकूर. वखारीतल्या कारकुनाला कोणी असं पत्र लिहीत नाही.

जमिनीतून उत्तर आणलं ते मुख्यतः शार्ल बोने यांनी. जिनिव्हाजवळच्या द्राक्षमळेवाल्या घरातला हा माणूस 1970च्या दशकात केर्माला आला आणि पुढची काही दशकं तिथेच खणत राहिला. रायझनरनं थडग्यांवर लक्ष दिलं होतं, बोनेंनी देफूफाच्या भोवतालची साधी वाटणारी जमीन उघडली. निघालं अख्खं शहर. खंदक आणि तट, दरवाजे, घरं, भाकऱ्या भाजायच्या भट्ट्या, गोल छपराचा भला मोठा दरबारी मांडव, राजवाडा. आणि या सगळ्याच्या मध्यभागी देफूफा. ती वखार नव्हतीच, पुन्हा पुन्हा वाढवत नेलेलं शहराचं मुख्य देऊळ होतं.

दफनभूमीतही नवं खोदकाम झालं. मधल्या काळातल्या एका थडग्याच्या दक्षिणेला बैलांच्या आणि गायींच्या कवट्या चंद्रकोरीसारख्या ओळींत मांडलेल्या होत्या, चार हजारांहून अधिक. जनावरांची हाडं तपासणाऱ्या लुई शे यांनी त्यांचा अभ्यास केला. एका माणसाच्या मृत्यूला इतकी गुरं दूरदूरच्या वस्त्यांवरून येतात यावरून त्याचा शब्द कुठवर चालत होता ते कळतं. हे थडगं रायझनरच्या ‘इजिप्शियन’ टेकाडांच्या आधीचं आहे, म्हणजे राज्य मूर्ती येण्यापूर्वीच उभं होतं.

तरी एक धागा सुटा होता. मूर्ती लुटून आणल्या म्हणता, पण कुशचं सैन्य असिऊतच्या बाजूला पोचल्याचा लेखी पुरावा कुठे आहे? लुटीऐवजी कोणी विकल्या असतील, दुबळ्या राजांनी नजराणा म्हणून दिल्या असतील. 2003 मध्ये लक्सरच्या दक्षिणेला एल-काब इथे सोबेकनख्त नावाच्या प्रांतप्रमुखाच्या थडग्याची सफाई चालू होती. ब्रिटिश म्युझियमचे व्हिव्हियन डेव्हिस आणि त्यांचे सहकारी भिंतीवरचा मळ काढत असताना लाल रंगातला मजकूर दिसू लागला. कुश चालून आला, त्यानं वावात, पुंत, मेजाय अशा दक्षिणेकडच्या सगळ्या मुलखांना उठवलं. सोबेकनख्तनं एल-काबचे तट मजबूत केले आणि नेखबेत देवीच्या कृपेनं गाव वाचलं. इजिप्शियन राजे पराभव कोरून ठेवत नाहीत. हा एका प्रांतप्रमुखाचा स्वतःच्या बहादुरीचा लेख आहे, म्हणून स्वारीची गोष्ट त्यातून निसटून बाहेर आली. गाव वाचलं असेल, पण काहीतरी गेलंच. केर्माच्या राजथडग्यात सापडलेल्या एका अलाबास्टरच्या भांड्यावर एल-काबच्या सोबेकनख्त नावाच्याच प्रमुखाचं नाव आहे.

आणखी एक दुवा तर थेट जेफाईहापीचाच आहे. याच माणसाची एक मूर्ती लेबननमध्ये, बेका खोऱ्यातल्या तेल हिझ्झीन इथे मिळालेली आहे. केर्मात मूर्ती सापडली म्हणून तो सुदानचा सुभेदार, हा न्याय लावायचा तर त्याच माणसाला लेबननचाही कारभार द्यावा लागेल. त्यापेक्षा असिऊतचं देवस्थान किंवा थडगं कधीतरी लुटलं गेलं आणि मूर्ती फुटल्या वाटांनी उत्तरेला अन् दक्षिणेला गेल्या, हे मानणं कितीतरी सोपं.

मला स्वतःला केर्माच्या राजानं त्या मूर्ती थडग्यात का नेल्या हा भाग जास्त रोचक वाटतो. दगड म्हणून नव्हे, हे उघड आहे. जेफाईहापी कोण हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही, पण त्या इजिप्तच्या आहेत, मोठ्या माणसाच्या आहेत, एवढं नक्की कळत होतं. किल्ले बांधून अडवणाऱ्या शेजाऱ्याची माणसं आता आपल्या थडग्यात बसली आहेत, हे मिरवण्यासारखंच होतं.

हिशेब नंतर फिरला. इ.स.पू. 1500च्या आसपास पहिला थुतमोसे फौज घेऊन तिसऱ्या प्रपातापर्यंत आला आणि तोंबोसच्या खडकावर विजयाचा लेख कोरून गेला. इबानाचा मुलगा अहमोसे हा दर्यावर्दी सैनिक त्या मोहिमेत होता. परतताना शत्रूचं प्रेत राजाच्या जहाजाच्या नाळेवर उलटं टांगलेलं होतं, असं त्याच्या आत्मवृत्तात आहे. हा अहमोसे एल-काबचाच, सोबेकनख्तच्याच डोंगरात पुरलेला. त्याचं आत्मवृत्त एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांच्या हातात आहे आणि इजिप्तच्या दिग्विजयाचा तो ठेवणीतला पुरावा. शेजारच्या थडग्यातली आधीची बाजू वाचायला मिळाली ती 2003 मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत केर्मापासून जेमतेम किलोमीटरवर, दुक्की गेल इथे बोनेंच्या चमूला एका खड्ड्यात ताहार्कासह पाच कुशी राजांच्या सात मूर्तींचे तुकडे मिळाले. केर्माच्या राज्यानंतर आठनऊशे वर्षांनीही ही जागा राजांना सोडवत नव्हती. त्या मूर्ती आज केर्माच्याच संग्रहालयात आहेत, ते 2008 मध्ये उघडलं.

रायझनरची पद्धत आणि रायझनरचा निष्कर्ष या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. त्याला खोटं पाडायला लागलेला निम्मा पुरावा त्यानंच जपून ठेवला होता. कोणत्या थडग्यात कोणतं भांडं, कोणत्या सांगाड्याजवळ कोणता मणी, याच्या त्याच्या नोंदी इतक्या चोख की ब्रिजित ग्राशियाँ यांनी 1978 मध्ये केर्मा संस्कृतीचे टप्पे नव्यानं लावले तेव्हा त्या कामी आल्या. निष्कर्ष ठरवूनच खणला असता तर न जुळणारी भांडी त्यानं नोंदलीच नसती. 1923चे ते दोन खंड आजही या विषयात टाळता येत नाहीत. वाचताना दफनभूमीचा नकाशा शेजारी ठेवायचा, थडगी उत्तरेकडून दक्षिणेकडे घ्यायची, आणि सुभेदाराचा उल्लेख आला की पान उलटायचं.